घारापुरीची लेणी पहिल्यांदा बघताय? आत शिरलात की डावीकडे वळा

घारापुरीला जाणाऱ्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. लाँचमधून उतरायचं, धापा टाकत पायऱ्या चढायच्या, लेण्यात शिरून नाकाच्या रेषेत त्रिमूर्ती गाठायची, तिच्याकडे पाठ करून फोटो काढायचा आणि बाहेर येऊन तिखटमीठ लावलेली काकडी खायची. तासाभराचा समुद्रप्रवास करून गेलेली माणसं वीस मिनिटांत लेणं उरकतात. मग घरी येऊन सांगतात, 'आत अंधार आहे आणि मूर्ती सगळ्या तुटलेल्या आहेत.' दोन्ही खरं आहे. पण हे शंकराचं देऊळ आहे, आणि देवळात जसं फिरतात तसं फिरलं की तोच अंधार आणि त्याच तुटक्या मूर्ती बरंच काही सांगू लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत काय कसं करावं, ते इथे लिहितो आहे.

दिवस आणि वेळ

सोमवारी लेणी बंद असतात. ही एक गोष्ट विसरली की बाकी सगळं वाया. शनिवार-रविवारी गर्दी असते, सुट्टीत शाळेच्या सहली असतात, त्यामुळे मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस काढता आला तर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. एप्रिल-मेमध्ये लेण्यात गारवा मिळतो, पण पायऱ्यांवर जीव जातो. पावसाळ्यात बेट हिरवंगार आणि देखणं असतं, मात्र समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत जायचं असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा आणि बेत फसला तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. गेटवेला जाऊन परत फिरावं लागलं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

महाशिवरात्रीला बेटावर भाविक लोटतात. तो दिवस श्रद्धेने जायचा. शिल्पं निवांत बघायची असतील तर तो टाळा.

पहिली लाँच साधारण सकाळी नऊच्या सुमाराला सुटते. तीच पकडा. आग्रहाने सांगतो आहे, कारण पहिल्या लाँचने गेलात तर लेण्यात आवाज नसतो, खांबांमधून आरपार दिसतं आणि पूर्वेच्या अंगणातून उजेड आत येत असतो. साडेअकरानंतर तेच दालन एखाद्या स्टेशनासारखं होतं.

गेटवेपासून धक्क्यापर्यंत

लाँच गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सुटतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सी, बस किंवा पायी, काहीही चालतं. मेट्रो ३ ने येत असाल तर हुतात्मा चौकाला उतरून पुढे चालत या. गेटवेच्या आवारात शिरताना बॅगा तपासतात, थोडा वेळ हाताशी ठेवा. तिकीट खिडकीवरच घ्या. वाटेत 'चला, एलिफंटा, लगेच सुटतेय' म्हणत मागे लागणारे भेटतील, त्यांना नम्रपणे टाळा. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्रच मिळतं आणि ते अडीचशे रुपयांच्या पुढेमागे असतं. दर बदलत राहतात, म्हणून खिडकीवरचा फलक वाचा. परतीचा भाग जपून ठेवा, येताना विचारतात. वरच्या डेकवर बसायचं असेल तर लाँचवाले वेगळे थोडे पैसे घेतात. जाताना सकाळच्या उन्हात वर मजा येते. लाँच लागणाऱ्यांनी मात्र खाली, मधोमध बसावं आणि निघण्यापूर्वी भरपेट नाश्ता करू नये. स्वच्छतागृहाचं काम गेटवेजवळच उरकून घ्या.

लाइफ जॅकेट दिलं की घाला, आणि दिलं नाही तर मागून घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर जॅकेटचा नियम कडक झाला. तरीही 'उकडतंय' म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे दिसतातच. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या मापाचं जॅकेट आहे का, हे लाँच सुटण्याआधी बघा.

प्रवास तासाभराचा. अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, पण या लाँच सावकाश जातात आणि त्यात वाईट काही नाही. मुंबई बंदर बघायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. एका बाजूला नौदलाच्या बोटी, पुढे जवाहर द्वीपाजवळ उभी असलेली तेलवाहू जहाजं, लांब न्हावा शेवाच्या उंच क्रेन. नौदलाच्या गोदीचे आणि जहाजांचे फोटो काढू नका. थंडीत सीगल लाँचमागे येतात आणि लोक त्यांना वेफर्स, गाठ्या टाकतात. ते पक्ष्यांचं खाणं नाही, आणि अर्धा खाऊ पाण्यातच जातो.

बेट दिसू लागलं की लक्षात येतं, दोन टेकड्या आहेत आणि मध्ये खिंड. मुख्य लेणी पश्चिमेच्या टेकडीवर. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे शंकराचं देऊळ कोरण्याआधीही इथे वस्ती होती. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही हे बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं. समुद्राखालून केबल टाकून इथे कायमची वीज आली ती २०१८ साली. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई आणि इकडे संध्याकाळचे काही तास जनरेटर, अशी या गावांची कितीतरी वर्षं गेली.

धक्का, पायऱ्या, माकडं

लाँच लागते तो धक्का लांबलचक आहे. छोटी गाडी चालते, मुलांना ती हवीच असते. आपण चालत गेलो तरी काही बिघडत नाही. भरती-ओहोटीप्रमाणे लाँच आणि धक्का यांत कमीजास्त उंची असते. उतरताना खलाशाचा हात धरायला लाजू नका, आणि मोबाइल आधी खिशात टाका.

पुढे पायथ्याशी ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरावा लागतो. त्यासाठी आणि एकूणच दिवसासाठी सुटे पैसे जवळ ठेवा, बेटावर मोबाइलची रेंज येते-जाते. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वरून ताडपत्र्या, त्यामुळे सावली असते. टोप्या, माळा, दगडी हत्ती, धातूचे नटराज. घ्यायचं असेल तर उतरताना घ्या, चढताना ओझं कशाला. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. भाव आधी ठरवा, आणि तो एका बाजूचा की दोन्ही, हेही तोंडाने स्पष्ट बोलून घ्या.

माकडांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे येणाऱ्यांचे सगळ्यात जास्त बेत तीच बिघडवतात. हातात दिसणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या दृष्टीने खाऊ असते. कोल्ड्रिंकची बाटली, प्लास्टिकची पिशवी, आइस्क्रीमचा कोन हे पहिल्या पसंतीचे. बाटली हिसकावून, बूच फिरवून पिणारी माकडं इथे बघायला मिळतील. खाणं-पिणं चेन असलेल्या सॅकमध्ये ठेवा, पाणी प्यायचं झालं तर आडोशाला प्या. माकडाने काही धरलंच तर सोडून द्या, ओढाओढी करू नका. त्याच्याकडे दात दाखवून हसू नका, त्याला ते आव्हान वाटतं. पिल्लू एकटं दिसलं तरी त्याची आई जवळपास असतेच. आणि खायला घालणं तर मुळीच नको. त्यांना ही सवय आपणच लावली आहे.

वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. क्यूआर कोडने ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. परदेशातून आलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांनी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड जवळ ठेवावं. साध्या कॅमेऱ्याने आणि मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते. ट्रायपॉडला परवानगी लागते. फ्लॅश वापरू नका. अंधाऱ्या कोनाड्यात फ्लॅश मारला की मूर्ती सपाट दिसते, फोटोही वाईट येतो.

गाइड घ्यावा का? चांगला मिळाला तर जरूर. अधिकृत ओळखपत्र बघा, किती वेळ देणार ते विचारा. माझी एक छोटी चाचणी असते. 'मधली तीन तोंडांची मूर्ती कोणाची?' असं विचारायचं. 'ब्रह्मा-विष्णू-महेश' असं उत्तर आलं तर मी एकटाच फिरतो.

आत शिरताना

उत्तरेच्या दरवाजातून आपण आत जातो. दरवाजा म्हणजे खांबांची उघडी ओळ. दोन पावलं आत गेल्यावर थांबा. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे सुरुवातीला काहीच दिसत नाही. खांबाला टेकू नका, पण त्याच्या बाजूला उभे राहून पाचेक मिनिटं डोळे सरावू द्या. मोबाइलचा टॉर्च लावायचा मोह आवरा. तो लावलात की डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावायला लागतात.

उभं असतानाच छताकडे बघा. खांबांच्या डोक्यावरून तुळया गेल्यासारख्या दिसतात. त्यांचा छताला काहीही आधार नाही. हे सगळं एकाच काळ्या पाषाणाच्या डोंगरातून पोखरून काढलं आहे. वरून खाली कोरत आले, जिथे खांब हवा तिथे दगड ठेवला, बाकीचा काढून टाकला. लाकडी देवळात तुळया असतात, म्हणून दगडातही दाखवल्या. खांब खाली चौकोनी, वर गोल पन्हळींचे आणि त्यांवर दाबलेल्या उशीसारखा गोल माथा. काही खांब जरा जास्तच गुळगुळीत दिसतील, ते नंतर दुरुस्तीत उभारलेले आहेत.

हे कोणी केलं? इथे कोरलेला एकही लेख आज शिल्लक नाही. पोर्तुगीजांनी एक शिलालेख काढून नेला, तो पुढे हरवला. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मोठ्या संख्येने सापडली आणि शिल्पांची धाटणीही त्या काळाशी जुळते. म्हणून सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरींचा आश्रय असं अनेक अभ्यासक मानतात. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

आता महत्त्वाचं. समोर खोलवर, दक्षिणेच्या भिंतीत, त्रिमूर्ती अंधुक दिसते आहे. तिकडे जाऊ नका. डावीकडे वळा. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, तसंच दालन उजव्या हाताला ठेवून फिरायचं. या क्रमाने शंकर आधी योगी भेटतो, मग संसारी, मग सगळी रूपं पोटात घेतलेला सदाशिव, मग नवरदेव, मग संहारक, आणि शेवटी नाचणारा.

प्रदक्षिणा

दरवाजाच्या डाव्या हाताला योगीश्वर. कमळावर ध्यानस्थ बसलेला शिव, कमळाचा देठ खाली नागांनी धरलेला. हात तुटले आहेत, पण बैठकीचा ठामपणा शाबूत आहे. पाशुपत पंथाचा गुरू लकुलीश याच्या रूपातला हा शिव, आणि हे देऊळ त्या पंथाशी जोडलं जातं ते यावरूनच.

तिथून पूर्वेच्या बाजूला जा. समोरासमोर दोन कैलास आहेत. एकात शिवपार्वती सारीपाट खेळताहेत आणि पार्वती रुसून तोंड फिरवून बसली आहे. दुसऱ्यात रावण कैलास उचलतो आहे. दुसरा पट फारच झिजला, मोडला आहे. रावण ओळखायला मुलांना वेळ लागतो. खाली वाकलेली पाठ शोधा म्हणजे तोच.

पूर्वेकडे अंगण आहे, त्यात एक गोल ओटा. सकाळी उजेड इथून येतो. अभ्यासकांपैकी अनेकांना वाटतं, मुळात देवळात यायची खरी वाट हीच होती. उभे राहून पश्चिमेला बघा, म्हणजे त्यांना असं का वाटतं ते कळेल. खांबांच्या ओळीतून नजर सरळ गाभाऱ्यावर जाते. या लेण्यात दोन रेषा एकमेकींना छेदतात. पूर्व-पश्चिम रेषा लिंगाकडे नेते, उत्तर-दक्षिण रेषा त्रिमूर्तीकडे. आपण उत्तरेकडून आत येतो, म्हणून पहिली रेषा जाणवतच नाही आणि मग गाभारा म्हणजे कोपऱ्यातली एक चौकोनी खोली वाटते.

आता दक्षिणेची भिंत. इथे निदान अर्धा तास द्या.

आधी अर्धनारीश्वर. तुमच्या डाव्या हाताला पुरुषाची बाजू, तिचा एक हात नंदीवर टेकलेला. उजव्या हाताला स्त्रीची बाजू, तिचा वरचा हात आरसा धरून. सगळा भार नंदीच्या बाजूला झुकल्यामुळे स्त्रीच्या बाजूचं नितंब बाहेर येतं आणि कंबरेची रेषा इतकी सहज वळते की दोन अर्धी अंगं एकत्र शिवली आहेत असं क्षणभरही वाटत नाही. मुकुटाकडे बघा, दोन बाजूंची केशरचनाही वेगळी आहे. भोवती गरुडावर विष्णू, ऐरावतावर इंद्र, ब्रह्मा, आणि वर हवेत तरंगणारे गंधर्व.

मग मधली मूर्ती. सुमारे वीस फूट उंच आणि तीही नुसती छातीपर्यंत. दहाएक फूट खोल कोनाड्यात, दोन बाजूंना द्वारपाल. हा सदाशिव, पाच मुखांचा शिव. तीन मुखं दिसतात. चौथं मागे डोंगरात, पाचवं वर, न कोरलेलं. मधलं तत्पुरुष, शांत, डोळे मिटलेले, डाव्या हातात महाळुंगाचं फळ. तुमच्या डावीकडचं अघोर. मिशी, बाकदार नाक, वळलेल्या भुवया, केसांत कवटी, हातात नाग. उजवीकडचं वामदेव, उमेचं रूप मानतात ते, हातात कमळ, ओठ नाजूक. तिन्ही चेहरे एकाच दगडातले आणि एकाच मानेवरचे, तरीही एकाच्या रागाची सावली दुसऱ्यावर पडत नाही. एकदा अगदी डावीकडे जाऊन फक्त अघोर बघा, मग चालत उजवीकडे या. फोटोत हे कधीच येत नाही, कारण फोटो समोरूनच काढतात.

गर्दी असेल तर इथे एक युक्ती चालते. पुढे रेटू नका, तीन-चार खांब मागे या. माणसांच्या डोक्यांवरून मूर्ती पूर्ण दिसते, आणि मुळात ती तशी लांबूनच दिसावी अशी बसवली आहे.

त्याच्या उजवीकडे गंगाधर. शिवाच्या डोक्यावर तीन तोंडांची बाई आहे, ती गंगा, तीन प्रवाहांची. पायाशी भगीरथ गुडघे टेकून. शेजारी पार्वती, अंग किंचित दुसरीकडे वळलेलं. नवऱ्याने दुसरीला डोक्यावर बसवलं तर आणखी काय होणार!

पश्चिमेकडे वळलात की लग्न लागतंय. कल्याणसुंदर. हा पट मला सदाशिवापेक्षाही आवडतो, बाकीच्यांचं काही का म्हणणं असेना. शिवाने हात पुढे केला आहे. पार्वतीची मान खाली, अंगात संकोच. मागे तिचा बाप हिमवान तिला हलकेच पुढे करतो आहे. ब्रह्मा भटजी होऊन बसला आहे, आणि पाण्याने भरलेला कलश घेऊन चंद्र उभा आहे, त्याच्या डोक्यामागे कोर दिसते. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी आहे. वामांगी व्हायची ती लग्न लागल्यावर. घारापुरीत इतरत्र ती डावीकडे असते, तपासून बघा. दोघांचेही पाय मोडले आहेत, तरी पार्वतीच्या मानेच्या त्या वळणावरून सगळा प्रसंग कळतो.

त्याच भागात अंधकासुराचा वध. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा अंधक उभा राहतो, म्हणून शिवाने एका हातात वाडगा धरला आहे. मागे दोन हातांनी गजचर्म ताणलेलं, सुळे बाहेर, डोळे वटारलेले. लग्नाच्या इतक्या जवळ हा पट का, असं प्रत्येक जण विचारतो. विचारावंच.

शेवटी उत्तरेच्या दरवाजाच्या पश्चिम बाजूला नटराज, योगीश्वराच्या बरोबर समोर. आठ हातांपैकी बरेचसे नाहीत, पायही नाहीत, तरी कंबरेतला झोक दिसतो. एका बाजूला बसून मन न हलवणारा, दुसऱ्या बाजूला नाचणारा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस या दोघांच्या मधून जातो.

गाभारा

प्रदक्षिणा झाली की गाभाऱ्याकडे जा. चारही बाजूंना दार असलेली चौकोनी खोली, प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल, प्रत्येक जण माणसाच्या अडीचपट उंच. आत लिंग. रोजची पूजा इथे होत नाही, त्यामुळे लोक चपला घालून वर चढतात, पायऱ्यांवर बसून वेफर्स खातात. कोणी अडवत नाही. माझ्या मते दालनात चपला राहू द्याव्यात, कारण जमीन खडबडीत आहे. गाभाऱ्याच्या पायऱ्या चढायच्या असतील तर काढाव्यात. फूल वाहायचं असेल तर साधं फूल पुरे. दूध, तेल, हळद-कुंकू दगडावर घालू नका. पंधराशे वर्षांच्या दगडाला ते सोसत नाही.

पूर्व आणि पश्चिम अंगणांतली छोटी देवळंही बघा. पूर्वेकडच्याच्या पायऱ्यांशी सिंह बसलेत आणि आत मातृका, गणपती, कार्तिकेय आहेत. इथवर सहसा कोणी येत नाही.

मूर्ती तुटल्या कशा, हा प्रश्न बरोबरची मुलं विचारणारच. पोर्तुगीजांच्या काळात इथे नासधूस झाली हे खरं. पण पाणी झिरपणं, दगडाच्या भेगा, शतकानुशतकं गुरं बांधणं, लोकांनी नावं कोरणं, यांनीही आपापला वाटा उचलला आहे. खांबांवर बदामात कोरलेली नावं अलीकडची आहेत, त्यांचं खापर पोर्तुगीजांवर फोडता येणार नाही.

उरलेला दिवस

क्रमांक दोन ते पाचची लेणी त्याच टेकडीवर, दहा मिनिटांच्या वाटेवर. अर्धवट आहेत, शिल्पं जवळपास नाहीत. पण डोंगर कसा पोखरत गेले ते इथे उघडं दिसतं, म्हणून भराभर का होईना, बघून या. टेकडीच्या माथ्यावर जुन्या तोफा आहेत. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, बंदराचा देखावा छान दिसतो. उन्हात म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना नेऊ नका.

जेवण वर आणि वाटेवरच्या खानावळींत मिळतं, मासेही मिळतात. आगरी-कोळी बायका कैरी, चिंच, बोरं, काकडी विकतात. त्यांच्याकडून घ्या, पैसे गावात राहतात. प्लास्टिक मात्र बॅगेत घालून मुंबईला परत आणा. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा आणि तिच्या आधीची पकडायचं ठरवा. शेवटच्या लाँचला रांग लांब असते आणि दिवसभर दमलेली मुलं त्या रांगेत रडतात. पहिल्या लाँचने आलात तर दीड-दोनला परत निघणं अगदी सोयीचं.

यानंतर कुठे

घारापुरी आवडली तर जोगेश्वरीची लेणी बघा. तीही साधारण त्याच काळातली, शहराच्या गजबजाटात बुडालेली, आणि तिथे देवीची रोज पूजा होते. अशा ठिकाणी चपला बाहेर, अंगभर कपडे, फोटो काढण्याआधी पुजाऱ्याला विचारायचं आणि आरती चालू असेल तर बाजूला उभं राहायचं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरालाही हेच लागू.

मोडलेला रावण मनाला लागून राहिला असेल तर वेरूळ गाठा. तिथे कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या क्रमांकात, तोच प्रसंग जवळपास पूर्ण आहे. वीस हातांचा रावण खाली जोर लावतोय आणि वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे. एकोणतिसावं, धुमार लेणं, तर आराखड्याने घारापुरीचंच भावंड आहे. ते जरा लांब असल्यामुळे बरेच जण गाळतात, तुम्ही गाळू नका. वेरूळ मंगळवारी बंद असतं.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो बेटावर शोधत बसू नका. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो १८६४ साली फुटला. नंतर तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आहे. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद.